विश्लेषण : डीएनए जुळला, म्हणजे गुन्हेगार सापडला? थॉमस बेझ यांचे गणित काय सांगते?

गुन्ह्याच्या ठिकाणी मिळालेला डीएनए संशयिताच्या डीएनएशी जुळला की खटला संपल्यात जमा, असा सर्वसाधारण समज आहे. तज्ज्ञाने ‘दहा लाखांत एक’ किंवा ‘वीस कोटींत एक’ असा आकडा सांगितला, तर शंकेला जागाच उरत नाही असे वाटते. मात्र हा आकडा नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे पाहिले नाही तर निरपराध माणूस तुरुंगात जाऊ शकतो. तो प्रश्न उलटा करून पाहण्याची रीत अठराव्या शतकात इंग्लंडमधील एका धर्मोपदेशकाने मांडली. त्यांचे नाव थॉमस बेझ. हयातीत त्यांनी ती प्रसिद्धही केली नाही. आज न्यायवैद्यक प्रयोगशाळांतील डीएनएचे गणित त्यांच्याच प्रमेयावर चालते आणि न्यायालये अजूनही या प्रमेयाकडे थोडे बिचकूनच पाहतात.

थॉमस बेझ कोण होते?

बेझ यांचा जन्म १७०१ च्या सुमाराचा. नेमकी तारीख मिळत नाही. घराणे मूळचे शेफिल्डचे. चाकू-सुऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या शहरात त्याच धंद्यात बेझ कुटुंबाने पैसा मिळवला होता. वडील जोशुआ बेझ यांनी मात्र धर्मोपदेशकाचा मार्ग धरला. इंग्लंडच्या अधिकृत चर्चपासून फटकून असलेल्या ‘नॉनकन्फॉर्मिस्ट’ पंथाचे ते लंडनमधील नावाजलेले उपदेशक होते. थॉमस हे त्यांचे थोरले अपत्य.

या पंथभेदाने थॉमस यांच्या शिक्षणाची दिशा ठरवली. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे दरवाजे तेव्हा अशा पंथीयांसाठी बंद होते. त्यामुळे १७१९ मध्ये त्यांनी स्कॉटलंडमधील एडिंबरा विद्यापीठ गाठले. तेथे तर्कशास्त्र आणि धर्मशास्त्राचा अभ्यास केला. परतल्यावर काही काळ वडिलांना मदत केली आणि १७३० च्या दशकात ते केंट परगण्यातील टनब्रिज वेल्स येथे माउंट सायन प्रार्थनागृहाचे उपदेशक झाले. खनिजयुक्त पाण्याच्या झऱ्यामुळे हे गाव लंडनच्या उच्चभ्रू मंडळींचे हवापालटाचे ठिकाण बनले होते. बेझ यांचे उरलेले आयुष्य याच गावात गेले. त्यांनी लग्न केले नाही.

त्यांच्या हयातीत त्यांची दोनच पुस्तके निघाली, तीही लेखकाच्या नावाविना. १७३१ चे पहिले ईश्वराच्या परोपकारी स्वभावाविषयी होते. १७३६ चे दुसरे न्यूटनच्या कलनशास्त्राच्या बचावासाठी लिहिलेले. बिशप बर्कली यांनी न्यूटनच्या पद्धतीचा पायाच कच्चा असल्याची टीका केली होती, तिला बेझ यांनी गणितातून उत्तर दिले. १७४२ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, तेव्हा त्यांच्या खात्यावर दाखवण्याजोगे काम एवढेच होते. त्यांचे म्हणून जे चित्र सगळीकडे छापले जाते, ते त्यांचेच आहे की नाही याबद्दलही अभ्यासकांना शंका आहे.

बर्फाचा तुकडा आणि तीन पाहुणे

टनब्रिज वेल्सच्या स्थानिक इतिहासात बेझ यांची एक गोष्ट सांगितली जाते. ती त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी लिहिली गेली, त्यामुळे तपशिलाची हमी देता येत नाही. पण गोष्ट अशी : ईस्ट इंडीजमधून, म्हणजे भारत आणि त्याच्या पूर्वेकडच्या प्रदेशांतून, तीन प्रतिष्ठित पाहुणे इंग्लंडला आले होते. टनब्रिज वेल्सला त्यांची बेझ यांच्याशी भेट झाली. इंग्लंडच्या हिवाळ्यात नद्या आणि तळी इतकी गोठतात की वरून गाड्या जातात, हे बेझ यांनी त्यांना सांगितले. पाहुण्यांना ते पटेना. मग बेझ यांनी बर्फखान्यातून बर्फाचा तुकडा आणवला आणि विस्तवाजवळ धरून वितळवून दाखवला. तरीही त्यांच्यातील सर्वांत वयस्कर गृहस्थ मानेनात. ही माणसाच्या हाताची करामत आहे, असेच त्यांचे मत राहिले.

पाहुण्यांना भोळे ठरवून ही गोष्ट सोडून देणे सोपे आहे. पण जन्मभर पाणी कधीच गोठलेले न पाहिलेल्या माणसाने एका तुकड्यावरून मत किती बदलावे? अजिबात नाही, थोडे, की पूर्ण? स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी चमत्कारांवरील निबंधात पाणी गोठते यावर विश्वास न ठेवणाऱ्या भारतीय राजपुत्राचे उदाहरण घेतले होते. म्हणजे हा प्रश्न त्या काळी हवेत होता. आधीची समजूत आणि नवा पुरावा यांची सांगड किती प्रमाणात घालायची, याचे गणित बेझ यांच्या कागदांत होते.

बेझ यांनी कोणता प्रश्न सोडवला?

दहावीच्या बीजगणितात संभाव्यतेचा प्रश्न असा असतो : पिशवीत तीन लाल आणि दोन निळे चेंडू आहेत, एक काढला तर तो लाल असण्याची संभाव्यता किती? येथे पिशवीत काय आहे ते माहीत असते आणि हातात काय येईल ते विचारलेले असते. बेझ यांच्या आधीच्या गणितज्ञांनी प्रामुख्याने हाच प्रकार हाताळला होता. बेझ यांचा प्रश्न उलटा होता. हातात काय आले ते माहीत आहे, तर पिशवीत काय असावे?

त्यासाठी त्यांनी एका सपाट टेबलाची कल्पना केली. (पुढे लोकांनी त्याला बिलियर्डचे टेबल करून टाकले. बेझ यांनी फक्त समतल चौरस टेबल म्हटले होते.) टेबलावर एक चेंडू टाकला. तो जेथे थांबला तेथून एक रेघ ओढली. ही रेघ कुठे आहे, हे आपल्याला दिसत नाही. आता दुसरा चेंडू पुन्हा पुन्हा टाकायचा आणि प्रत्येक वेळी तो रेघेच्या डावीकडे पडला की उजवीकडे, एवढेच आपल्याला सांगितले जाणार. दहापैकी आठ वेळा चेंडू उजवीकडे पडला, तर रेघ बहुधा डाव्या कडेजवळ असणार. शंभरपैकी ऐंशी वेळा पडला तर तोच अंदाज अधिक पक्का होतो. प्रत्येक नव्या फेकीने अंदाज थोडा सुधारतो, पण खात्री शंभर टक्के कधीच होत नाही.

हातात आलेल्या परिणामावरून न दिसणाऱ्या कारणाकडे जाण्याची ही वाट आहे. तपास अधिकारी आणि न्यायाधीशही हेच करत असतात. रक्ताचा डाग समोर असतो, तो सांडणारा नसतो.

निबंध उजेडात कसा आला?

बेझ यांनी हे लिखाण बाजूला ठेवून दिले होते. का, याचे उत्तर त्यांनी कुठे लिहून ठेवलेले नाही. सुरुवातीला काहीच माहीत नसेल तर सर्व शक्यता सारख्या धराव्यात, या गृहीतकाबद्दल त्यांच्याच मनात चलबिचल असावी, असा तर्क केला जातो. १७५२ मध्ये ते उपदेशकाच्या कामातून निवृत्त झाले आणि एप्रिल १७६१ मध्ये टनब्रिज वेल्सलाच वारले. लंडनच्या बनहिल फील्ड्स दफनभूमीत कौटुंबिक थडग्यात त्यांना पुरण्यात आले.

नातेवाइकांनी त्यांचे कागद रिचर्ड प्राइस यांच्याकडे तपासायला दिले. प्राइसही त्याच पंथाचे उपदेशक आणि गणिताचे जाणकार. बेझ यांनी मृत्युपत्रात त्यांच्या नावे काही रक्कमही ठेवली होती. कागदांच्या ढिगात प्राइस यांना हा निबंध सापडला. त्यांनी त्याला प्रस्तावना आणि पुरवणी जोडली आणि २३ डिसेंबर १७६३ रोजी तो रॉयल सोसायटीत वाचला गेला. प्राइस यांचा उत्साह निव्वळ गणिताचा नव्हता. ह्यूम यांच्या चमत्कारविरोधी युक्तिवादाला पुढे त्यांनी दिलेल्या उत्तरात बेझ यांच्या गणिताचाच आधार घेतला. प्राइस यांनी कष्ट घेतले नसते तर बेझ हे नाव आज कुणाला ठाऊकही नसते. प्रमेयाच्या श्रेयात त्यांचा वाटा सहसा जेवढा सांगितला जातो त्यापेक्षा मोठा आहे.

त्या काळी या निबंधाची फारशी दखल घेतली गेली नाही. फ्रेंच गणितज्ञ लाप्लास यांनी १७७४ मध्ये स्वतंत्रपणे तीच कल्पना मांडली आणि नंतर तिला व्यापक रूप दिले. आज पाठ्यपुस्तकात दिसणारे सूत्र खरे तर लाप्लास यांच्या घडणीचे आहे.

न्यायालयाशी पहिली गाठ कधी पडली?

फ्रान्समधील गाजलेल्या ड्रेफस प्रकरणात. कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्यावर १८९४ मध्ये जर्मनीसाठी हेरगिरी केल्याचा आरोप ठेवण्यात आला. पुरावा होता एक हस्तलिखित कागद. शरीराच्या मोजमापांवरून गुन्हेगार ओळखण्याची पद्धत रूढ करणारे पॅरिस पोलिसांचे आल्फोन्स बर्टियाँ यांनी त्या अक्षरातील काही जुळण्यांची संभाव्यता काढली. त्या योगायोगाने होणे जवळपास अशक्य आहे, म्हणून तो कागद ड्रेफस यांचाच, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९०४ मध्ये आंरी प्वांकारे, दार्बू आणि आपेल या तीन गणितज्ञांनी या आकडेमोडीची तपासणी करून ती निराधार ठरवली. मोजणीतल्या चुका त्यांनी दाखवल्याच. शिवाय एखादी गोष्ट योगायोगाने घडणे दुर्मीळ आहे म्हणून ती अमुक कारणानेच घडली असे ठरत नाही, आधीच्या शक्यता धराव्या लागतात, हा बेझ-लाप्लास परंपरेतील मुद्दाही त्यांनी मांडला. १९०६ मध्ये ड्रेफस निर्दोष ठरले.

विसाव्या शतकात रोनाल्ड फिशर यांच्यासारख्या मोठ्या संख्याशास्त्रज्ञांनी बेझ यांची पद्धत मोडीतच काढली होती. गंमत अशी, की फिशर हे आनुवंशिकीच्या गणिताचेही जनक, आणि आनुवंशिकीच्याच पुराव्यासाठी पुढे बेझ यांच्याकडे परतावे लागले. दुसऱ्या महायुद्धात अ‍ॅलन ट्युरिंग यांनी जर्मनांचे सांकेतिक संदेश उलगडताना पुराव्याचे ‘वजन’ मोजण्यासाठी हीच रीत वापरली. १९७७ मध्ये डेनिस लिंडली यांनी संशयिताच्या कपड्यांवरील काचेचे तुकडे आणि फुटलेली खिडकी यांची जुळणी या पद्धतीने कशी तोलावी, हे दाखवले. म्हणजे डीएनए येण्याआधी साधन तयार होते.

डीएनएतील आकडा येतो कुठून?

१० सप्टेंबर १९८४ रोजी लेस्टर विद्यापीठात अ‍ॅलेक जेफ्रीज यांना माणसामाणसांत फरक करणारे डीएनएचे पट्टे प्रथम दिसले. दोनच वर्षांत पोलीस तपासात त्यांचा उपयोग झाला. त्या पहिल्या खुनाच्या तपासात डीएनएने आधी काय केले, तर कबुली दिलेल्या एका तरुणाला निर्दोष ठरवले. खरा गुन्हेगार नंतर मिळाला.

आताच्या पद्धतीत डीएनएवरील ठरावीक जागा तपासतात. तेथे काही अक्षरांचा छोटा तुकडा लागोपाठ अनेकदा आलेला असतो. किती वेळा, हे माणसागणिक बदलते. प्रत्येक जागी एक संख्या आईकडून आणि एक वडिलांकडून येते. समजा, एका जागची जोडी समाजात दहापैकी एका माणसात आढळते. दोन जागांची जुळणी योगायोगाने होण्याची शक्यता शंभरात एक, तीन जागांची हजारात एक. असा गुणाकार करत दहा जागांपर्यंत गेले की एक हजार कोटींत एक असा आकडा येतो. जगाची लोकसंख्या सुमारे आठशे कोटी आहे. अमेरिकेत २०१७ पासून अशा वीस जागा तपासल्या जातात, त्यामुळे आकडे याहूनही प्रचंड येतात.

गुणाकाराला एक अट आहे : या जागा एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात आणि लग्ने समाजात सरमिसळ होऊन झालेली हवीत. जेथे लग्ने पिढ्यान्पिढ्या एकाच गटात होतात, तेथे लोकांच्या डीएनएत सारखेपणा अधिक असतो. जातीतच सोयरीक आणि काही समाजांत मामाच्या मुलीशी लग्नाची रीत असलेल्या आपल्याकडे हे सहज समजण्यासारखे आहे. त्यामुळे तज्ज्ञ आकडा काढताना संशयिताच्या बाजूने दुरुस्ती करतात. सख्ख्या भावांत जुळणीची शक्यता अनोळखी माणसांपेक्षा कितीतरी जास्त, आणि एकसारख्या जुळ्यांत तर या जागा सारख्याच असतात.

‘फिर्यादी पक्षाची चूक’ म्हणजे काय?

आता मुख्य मुद्दा. ‘दहा लाखांत एक’ हा आकडा या प्रश्नाचे उत्तर आहे : संशयित निर्दोष असेल, तर त्याचा डीएनए योगायोगाने जुळण्याची शक्यता किती? न्यायालयाला हवे असते वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर : डीएनए जुळला आहे, तर संशयित निर्दोष असण्याची शक्यता किती? दोन्ही वाक्ये ऐकायला सारखी वाटतात. पण प्रत्येक गाईला चार पाय असतात, म्हणून चार पायांचे प्रत्येक जनावर गाय ठरत नाही.

एक काल्पनिक शहर घेऊ. तेथे ५० लाख पुरुष आहेत आणि गुन्हेगार त्यांच्यापैकीच कुणीतरी आहे. डागावरचा डीएनए दहा लाखांत एकाशी योगायोगाने जुळतो. म्हणजे खऱ्या गुन्हेगाराखेरीज शहरात सरासरी पाच निरपराध पुरुषांशीही तो जुळेल. पोलिसांनी डीएनए पेढीत शोध घेतला आणि या सहांपैकी एक जण हाती लागला. त्याच्याविरुद्ध दुसरा काहीही पुरावा नाही. तो गुन्हेगार असण्याची शक्यता किती? सहात एक. ‘दहा लाखांत एक’ म्हणजे ९९.९९९९ टक्के दोषी, असे सांगणारा वकील येथे फसलेला असतो किंवा फसवत असतो. या गफलतीला इंग्रजी कायद्याच्या परिभाषेत फिर्यादी पक्षाची चूक म्हणतात.

हे केवळ कागदावरचे नाही. १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये एका घरफोडीतील डीएनए राष्ट्रीय पेढीतील एका माणसाशी जुळला. तेव्हा तेथे सहा जागा तपासत आणि जुळणीची शक्यता तीन कोटी ७० लाखांत एक होती. तो माणूस घटनास्थळापासून शेकडो किलोमीटरवर राहणारा आणि गंभीर आजारामुळे दूर जाणेही कठीण असलेला. तरीही त्याला आरोपी करण्यात आले. दहा जागांची चाचणी केल्यावर तो सुटला. ब्रिटनची लोकसंख्या तेव्हा सहा कोटींच्या आसपास होती. म्हणजे एखाद-दोन माणसे योगायोगाने जुळणे हे अपेक्षितच होते.

बेझ प्रत्यक्ष साक्षीला आले तेव्हा...

बेझ यांच्या प्रमेयाची खरी परीक्षा १९९० च्या दशकात इंग्लंडमधील एका लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात झाली. आरोपीविरुद्ध डीएनए हाच पुरावा होता. सरकारी तज्ज्ञाचा आकडा वीस कोटींत एक. दुसऱ्या पारड्यात बरेच काही होते. पीडितेने हल्लेखोराचे वय विशीतले सांगितले होते, आरोपी ३७ वर्षांचा होता. ओळख परेडमध्ये तिने त्याला ओळखले नाही. त्या रात्री तो आपल्याबरोबर होता, असे त्याची मैत्रीण सांगत होती. एवढ्या वेगवेगळ्या गोष्टी एका आकड्याशी तोलायच्या कशा? बचाव पक्षाने संख्याशास्त्रज्ञ पीटर डोनेली यांना बोलावले. त्यांनी ज्युरींना बेझ समजावून सांगितले.

पद्धत अशी. आधी डीएनए बाजूला ठेवायचा. परिसरातील योग्य वयाचे पुरुष आणि बाहेरून कुणी आला असण्याची शक्यता धरून संशयाच्या वर्तुळात समजा दोन लाख पुरुष येतात. तेव्हा आरोपीच्या दोषाच्या बाजूने १ आणि विरुद्ध २,००,००० अशी सुरुवात. पीडितेने न ओळखणे : तो दोषी असेल तर असे घडण्याची शक्यता समजा १० टक्के, निर्दोष असेल तर ९० टक्के. म्हणजे दोषाचे पारडे नऊपट हलके झाले. मैत्रिणीची साक्ष : दोषी असेल तर मिळण्याची शक्यता २५ टक्के, निर्दोष असेल तर ५० टक्के. पारडे आणखी दुप्पट हलके. आता १ विरुद्ध ३६ लाख. यानंतर डीएनए. वीस कोटींनी गुणले की दोषाच्या बाजूने सुमारे ५५ विरुद्ध १.

पंचावन्नास एक हे प्रमाण भक्कम आहे, पण वीस कोटींच्या आसपासही नाही. बचाव पक्षाचे म्हणणे होते की डीएनएचा आकडा दोन कोटी किंवा वीस लाखही असू शकतो. दोन कोटी धरले तर उत्तर साडेपाच विरुद्ध १. वीस लाख धरले तर पारडे उलटते आणि आरोपी निर्दोष असण्याचीच शक्यता जास्त ठरते. १० टक्के, २५ टक्के हे आकडे उदाहरणादाखल होते. प्रत्येक ज्युरीने आपल्या मताप्रमाणे आपले आकडे घालायचे होते.

ज्युरींनी १९९५ मध्ये आरोपीला दोषी ठरवले. १९९६ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल रद्द केला. ज्या ज्युरींना बेझ यांचे सूत्र वापरायचे नसेल त्यांना डीएनएचा पुरावा कसा तोलायचा, याचे मार्गदर्शनच न्यायाधीशांनी केले नव्हते. पण त्याच निकालात न्यायालयाने बेझ यांनाही खडसावले. ज्युरींनी व्यवहारज्ञान आणि जगाच्या अनुभवावरून निर्णय करायचा असतो, सूत्रावरून नाही, अशी भूमिका घेतली. फेरखटल्यात दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांच्या संमतीने ज्युरींना प्रश्नावली आणि गणनयंत्रे देण्यात आली. आरोपी पुन्हा दोषी ठरला. १९९७ मध्ये दुसरे अपीलही फेटाळले गेले आणि असा प्रकार ज्युरींसमोर सहसा आणू नये, असे न्यायालयाने बजावले.

न्यायालयाची अडचण समजण्यासारखी आहे. बारा सामान्य नागरिकांना गणनयंत्र देऊन साक्षीदाराच्या खरेपणाला टक्केवारी लावायला सांगणे विचित्र वाटतेच. पण डीएनएचा आकडा ज्युरींच्या कानावर पडलेलाच होता. त्याला व्यवहारज्ञानाने कसे तोलायचे, हे कुणालाच सांगता आलेले नाही. वीस कोटींत एक असे दुर्मीळ व्यवहारात कुणी काय अनुभवलेले असते?

१९९६ मध्येच दुसऱ्या एका अपिलात न्यायालयाने मध्यम मार्ग काढला होता. तज्ज्ञाने जुळणी किती दुर्मीळ आहे ते सांगावे, त्यावरून देशात अशी सुमारे किती माणसे असतील तेही सांगावे. डाग आरोपीचाच असण्याची शक्यता किती, यावर मात्र मत देऊ नये. या माणसांपैकी आरोपीच का, याचे उत्तर इतर पुराव्यातून ज्युरींनी शोधावे. नाव न घेता हे बेझ यांचेच गणित आहे.

लहान आकड्यात काय धरलेले नसते?

बऱ्याच प्रयोगशाळा आता पुराव्याचे वजन गुणोत्तराने सांगतात : डाग संशयिताचा असेल तर हा निष्कर्ष मिळण्याची शक्यता, भागिले तो अनोळखी माणसाचा असेल तर मिळण्याची शक्यता. दोन-तीन माणसांचा डीएनए मिसळलेल्या नमुन्यांसाठी संगणक प्रणालीही हेच गुणोत्तर काढते. बेझ यांच्या सूत्रातील मधली पायरी ती हीच. आधीची शक्यता ठरवणे आणि शेवटचा निष्कर्ष काढणे न्यायालयाचे काम, मधला गुणक देणे तज्ज्ञाचे, अशी ही वाटणी आहे.

पण गुणक फक्त योगायोगाचा हिशेब करतो, माणसांच्या चुकांचा नाही. नमुन्यांची अदलाबदल झाली, हातमोज्यातून डीएनए इकडचा तिकडे गेला, तर हजार कोटींत एक या आकड्याला अर्थ उरत नाही. एखाद्या प्रयोगशाळेत हजारात एक नमुना चुकत असेल, तर खोट्या जुळणीची शक्यता हजारात एकच्या आसपास येते, मग अहवालात काहीही लिहिलेले असो. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधील अनेक गुन्ह्यांच्या ठिकाणी एकाच अज्ञात महिलेचा डीएनए वर्षानुवर्षे मिळत होता. पोलीस तिच्या मागावर होते. २००९ मध्ये उलगडा झाला : नमुने घेण्याच्या कापसाच्या काड्याच कारखान्यातून तिच्या डीएनएने दूषित होऊन येत होत्या. जुळणी दर वेळी बरोबरच होती.

शिवाय डाग कुणाचा आणि गुन्हा कुणाचा हे दोन प्रश्न वेगळे. घरात येणे-जाणे असलेल्या माणसाचा डीएनए त्या घरात मिळणे, यात नवल काय?

भारतात काय स्थिती आहे?

आपल्याकडे ज्युरी नाहीत, निर्णय न्यायाधीश करतात. डीएनए अहवाल हे तज्ज्ञाचे मत मानले जाते. आधी भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ४५ खाली, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ खाली. असा पुरावा अंतिम सत्य नसून त्याचे वजन प्रकरणागणिक बदलते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ आणि २०२२ च्या निकालांत नमूद केले आहे. डीएनए पेढीची तरतूद असलेले २०१९ चे विधेयक सरकारने २०२३ मध्ये मागे घेतले. पेढी झालीच, तर लाखो नमुन्यांत शोध घेऊन मिळालेली जुळणी आणि आधीच संशयित असलेल्या माणसाची जुळणी यांतला फरक न्यायालयांना रोज पडताळावा लागेल. पहिलीत सुरुवात लाखोंपैकी एकापासून होते, दुसरीत मोजक्या लोकांपैकी एकापासून. म्हणून अहवाल हाती आल्यावर बचावाच्या वकिलाने विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत : किती जागा तपासल्या, वारंवारता कोणत्या लोकसमूहाची घेतली, जवळच्या नातेवाइकांचा विचार केला का, प्रयोगशाळेच्या चुकांचे प्रमाण काय, आणि संशयितापर्यंत पोलीस आधी पोहोचले की डीएनए?

लंडनच्या बनहिल फील्ड्समधील बेझ यांच्या थडग्याची १९६९ मध्ये जगभरच्या संख्याशास्त्रज्ञांच्या वर्गणीतून दुरुस्ती करण्यात आली. तसा उल्लेखही त्यावर कोरला आहे. रिचर्ड प्राइस त्याच दफनभूमीत आहेत.